डासाच्या पोटातले गणित

मे महिन्यात आपल्या गोंदिया जिल्ह्यात दुपारचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे तेच तापमान १० अंशांच्याही खाली उतरते. (या पाठातले सगळे अंश सेल्सिअसचे आहेत.) मुलांनो, या दोन्ही वेळी तुम्ही तोंडात तापमापी धरली, तर ती सुमारे ३७ अंशच दाखवील. बाहेर आग असो की थंडी, तुमचे शरीर आपली उष्णता सांभाळते. त्यासाठी ते घाम गाळते, कुडकुडते आणि पोटभर जेवण मागते.

आता बांधीच्या धुऱ्यावर बसलेला सरडा पाहा. त्याला ही सोय नाही. पहाटे तो थंड असतो, म्हणून सुस्त असतो. ऊन अंगावर आले की तो हळूहळू तापतो आणि मग चपळ होतो. बेडूक, मासे, साप, पाली आणि सगळे कीटक याच जातीचे. यांना शीतरक्ती प्राणी म्हणतात. हे नाव तसे थोडे फसवे आहे. भर दुपारी सरड्याचे रक्त तुमच्या रक्ताइतकेच गरम असू शकते. खरी गोष्ट एवढीच की, त्यांची उष्णता बाहेरून येते. बाहेर जसे, तसे आत.

म्हणजे या प्राण्यांच्या शरीरातले प्रत्येक काम बाहेरच्या तापमानावर चालते. धावणे, खाणे, पचवणे, अंड्यातून बाहेर येणे, मोठे होणे, सगळे त्यात आले. आणि तापमान तर आपल्याला मोजता येते. मग तापमान कळले, तर त्या प्राण्याचे काम किती वेगाने चालेल, हे आधीच सांगता येईल का? येते. त्यासाठी समीकरण लागते. तुमच्या गणिताच्या पुस्तकात ज्याला 'मसावात' म्हणतात, तेच मराठीतले समीकरण. आणि 'दर्जा-ए-हरारत' म्हणजे तापमान. शब्द वेगळे, गणित एकच. 'अलजब्रा' हा शब्द तर नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातून जगभर गेला.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ किंवा आपल्याच अंगणामागे रात्री रातकिडे किरकिरतात. उकाड्याच्या रात्री त्यांची किरकिर घाईची असते, थंडीच्या रात्री संथ असते. अमेरिकेतील प्राध्यापक एमॉस डॉल्बिअर यांनी १८९७ साली या गोष्टीचे सूत्र छापले. त्यांनी ते फॅरनहाइट अंशांत दिले होते. सेल्सिअसमध्ये ते साधारण असे होते :

तापमान = १० + (एका मिनिटातील किरकिरी − ४०) ÷ ७

समजा, एका मिनिटात ११० किरकिरी मोजल्या. ११० मधून ४० वजा केले, ७० उरले. ७० ला ७ ने भागले, १० आले. त्यात १० मिळवले. तापमान २० अंश! किड्याने तापमापीचे काम केले. हे सूत्र तिकडच्या एका जातीच्या रातकिड्यासाठी चांगले चालते. आपल्याकडच्या रातकिड्यांची जात वेगळी, म्हणून त्यांचे आकडेही वेगळे येतील. ते कसे शोधायचे, हे पाठाच्या शेवटी पाहू.

त्याच १८९७ साली आपल्या देशात आणखी एक शोध लागला. तो मात्र गमतीचा नव्हता, जीवन-मरणाचा होता.

सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर होते. हिवताप, म्हणजे मलेरिया, कशाने पसरतो हे ते शोधत होते. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला त्यांनी डास चावू दिले. प्रत्येक डासामागे ते त्याला एक आणा देत. १६ ऑगस्टला पंखांवर ठिपके असलेल्या काही डासांनी हुसेन खानचे रक्त प्यायले. २० ऑगस्टला रॉस यांनी त्यांतला एक डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्या पोटाच्या भिंतीवर त्यांना काही गोल पेशी दिसल्या. अशा पेशी त्यांनी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्याच तुकडीतला आणखी एक डास कापला. त्यातल्या पेशी आधीपेक्षा मोठ्या होत्या! म्हणजे डासाच्या पोटात काहीतरी वाढत होते. ते हिवतापाचे जंतू होते. पुढच्या वर्षी कलकत्त्याला मोहंमद बक्ष या मदतनिसाच्या साथीने रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर हेच काम पुढे नेले. जंतू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत कसे पोचतात, हे तेव्हा दिसले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खान आणि मोहंमद बक्ष यांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. ती तुम्ही लक्षात ठेवा.

रॉस यांच्या शोधातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. डासाने आज रुग्णाचे रक्त प्यायले, म्हणजे तो उद्याच दुसऱ्याला हिवताप देत नाही. आधी ते जंतू त्याच्या पोटात वाढायला हवेत, पिकायला हवेत. मगच ते त्याच्या लाळेत येतात. डास शीतरक्ती आहे. त्याचे पोट बाहेरच्या हवेइतकेच गरम किंवा थंड असते. म्हणून जंतू पिकायला किती दिवस लागतील, हे हवेवर ठरते. आंबा पिकायला पेंढ्याची ऊब लागते ना, तसेच.

हे दिवस मोजण्याचे सूत्र सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६२ साली श्रीमती डेटिनोव्हा यांचे एक पुस्तक काढले, त्यातून ते जगभर पोचले. हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार आहे फाल्सिपेरम. त्याच्या जंतूसाठी सूत्र असे :

दिवस = १११ ÷ (तापमान − १६)

सूत्र पाहून घाबरू नका. त्याचा अर्थ रोवणीच्या कामासारखा आहे. समजा, एका शेतात धानाच्या १११ पेंड्या रोवायच्या आहेत. रोज ३ पेंड्या रोवल्या तर ३७ दिवस लागतील. रोज १० रोवल्या तर ११ दिवसांत काम जवळजवळ संपेल. जंतूचे कामही १११ 'पेंड्यांचे' आहे. तो रोज किती पेंड्या रोवतो? तापमान १६ अंशांच्या जितके वर, तितक्या. हवा २० अंश असेल तर रोज ४. हवा २५ अंश असेल तर रोज ९. आणि हवा १६ अंश किंवा त्याहून कमी असेल, तर एकही नाही. त्या दिवशी काम बंद.

आता आपण स्वतः आकडे काढू.

१८ अंश : १११ ÷ २ = ५५.५ दिवस
२० अंश : १११ ÷ ४ = सुमारे २८ दिवस
२५ अंश : १११ ÷ ९ = सुमारे १२ दिवस
२८ अंश : १११ ÷ १२ = सुमारे ९ दिवस
३० अंश : १११ ÷ १४ = सुमारे ८ दिवस

हे आकडे नीट पाहा. १८ वरून २० अंशांवर गेलो, फक्त २ अंश वाढले, पण दिवस निम्मे झाले. २८ वरून ३० वर गेलो, तेव्हाही २ अंशच वाढले, पण एकच दिवस कमी झाला. थंड हवेत थोडी ऊब वाढली की फार मोठा फरक पडतो. गरम हवेत तितकीच ऊब वाढली तर फरक लहान असतो. ही गोष्ट नुसत्या शब्दांनी सांगितली असती तर कोणाला पटली नसती. भागाकार केला की लगेच दिसते.

हिवतापाचा दुसरा प्रकार व्हायवॅक्स. त्याचे जंतू थोड्या थंडीतही काम करतात. त्यांच्यासाठी १११ च्या जागी १०५ आणि १६ च्या जागी १४.५ घ्यायचे. २० अंशांना त्यांना १९ दिवस पुरतात.

पण दिवस मोजून काय मिळते? इथे डासाच्या आयुष्याचा प्रश्न येतो. डास काही वर्षभर जगत नाही. पक्षी, कोळी, पाल, वारा, पाऊस, आपली टाळी, रोज काही डास मरतातच. समजा, एका दिवसात १०० डासांपैकी ९० जगतात. दुसऱ्या दिवशी त्या ९० मधले ८१ उरतील. तिसऱ्या दिवशी सुमारे ७३. दर दिवसाला ०.९ ने गुणत जायचे. आता वरच्या दिवसांपर्यंत गुणत गेलो तर असे दिसते. २० अंशांच्या हवेत जंतू पिकेपर्यंत १०० डासांपैकी फक्त ५ डास जिवंत असतील. २५ अंशांना २७ असतील. २८ अंशांना ३८ असतील. १८ अंशांना तर शंभरात एकही डास उरणे कठीण.

म्हणजे ही एक शर्यत आहे. एका बाजूला जंतू पिकण्याचे दिवस, दुसऱ्या बाजूला डासाचे आयुष्य. थंड हवेत डास आधी मरतो आणि जंतू हरतो. उबदार हवेत जंतू जिंकतो आणि माणूस आजारी पडतो.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. धान, तलाव आणि जंगल ही त्याची ओळख. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांत जंगल मोठे आहे आणि हिवतापाचा त्रासही तिकडे जास्त राहिला आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर बांध्यांत, ओढ्यांत, खड्ड्यांत पाणी असते. हवा दमट असते. सरासरी तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास राहते. सूत्रात घालून पाहा : जंतू ९ ते ११ दिवसांत तयार! पाणी आहे म्हणून डास पुष्कळ आणि ऊब आहे म्हणून जंतूंना घाई. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. पावसाळा आला की आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन तापाच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने का घेतात, ते आता कळले ना? रुग्ण लवकर सापडला आणि त्याने औषधाचा पूर्ण डोस घेतला, तर नव्या डासाला जंतू मिळतच नाहीत.

जॉर्ज मॅकडोनाल्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काळात हीच शर्यत समीकरणात मांडली. त्यातून त्याने एक मोलाची गोष्ट दाखवली. डासांची संख्या निम्मी केली तर हिवताप साधारण निम्मा होईल. पण डासांचे आयुष्य थोडेसे जरी कमी केले, तरी हिवताप फार जास्त कमी होईल. कसे ते पाहू. २८ अंशांची हवा घेऊ. रोज १०० पैकी ९० डास जगले, तर शेवटी ३८ उरतात, हे आपण काढले. आता भिंतीवर औषध फवारले आणि रोज ९० ऐवजी ८० डास जगू लागले. शेवटी किती उरतील? फक्त १३! रक्त प्यायल्यावर जड झालेला डास भिंतीवर टेकतो. तिथे त्याच्या पायांना औषध लागते. फवारणीचा खरा हेतू हा असतो. काही घरांत फवारणीवाले आले की आतल्या खोलीचे दार लावून घेतात. भिंती खराब होतात, वास येतो, अशी तक्रार असते. ती खोटी नाही. पण डास मुख्यतः झोपायच्या खोलीतल्या भिंतीवरच बसतात आणि नेमकी तीच भिंत सुटते.

आता थोडी अवघड गोष्ट. ती समजली तर तुम्हाला हा पाठ समजला.

डिसेंबरमध्ये समजा रात्री १२ अंश आणि दिवसा २८ अंश तापमान आहे. दोन्हींची सरासरी २०. सूत्र म्हणते २८ दिवस लागतील. पण जंतूला सरासरी ठाऊक नसते! तो रात्री थांबतो आणि दिवसा काम करतो. रात्री १२ अंश म्हणजे १६ च्या खाली, काम शून्य. दिवसा २८ अंश म्हणजे १६ च्या वर १२. पण दिवस निम्माच, म्हणून १२ चे निम्मे ६. रोज ६ पेंड्या. १११ ÷ ६ = १८.५ दिवस. सरासरीने काढले तर २८ दिवस आणि तासातासाने काढले तर १८.५ दिवस! १०० पैकी ५ डासांऐवजी १४ डास जिवंत राहतील. म्हणजे नुसती सरासरी पाहून 'आता थंडी आली, हिवताप गेला' असे म्हटले, तर फसगत होईल. थंडीतल्या दुपारीही जंतूचे काम चालूच असते. डास घरात किंवा गुरांच्या गोठ्यात बसला असेल, तर तिथली रात्र बाहेरच्याइतकी थंडही नसते. क्रेन पाइमान्स आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१० साली हे दाखवून दिले की, दिवस-रात्रीचा हा चढउतार हिशोबात घेतला नाही तर हिवतापाचा अंदाज चुकतो.

आणखी एक गंमत करू. सूत्रात मे महिन्यातले ४५ अंश घाला. १११ ÷ २९ = ३.८. म्हणजे चार दिवसांच्या आत जंतू तयार. मग मे महिन्यात हिवतापाचा कहर व्हायला हवा. पण तसे होत नाही. का?

कारण ४५ अंशांच्या हवेत डासच जगत नाही. उघड्यावर राहिला तर तो सुकून मरतो. जंतूही इतक्या उष्णतेत वाढत नाही. सूत्राने भागाकार बरोबर केला, पण त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. सूत्र म्हणजे प्राणी नव्हे. ते प्राण्याच्या वागण्याचे एक चित्र आहे आणि ते चित्र ठराविक तापमानांपुरतेच खरे आहे.

म्हणून शास्त्रज्ञ आता सरळ रेषेऐवजी वक्ररेषा वापरतात. आलेखाच्या कागदावर आडव्या बाजूला तापमान घ्या. उभ्या बाजूला प्राण्याच्या कामाचा वेग घ्या. थंड टोकाला वेग शून्य असतो. मग रेषा हळूहळू चढते. एका ठिकाणी ती सर्वांत उंच होते. ते त्या प्राण्याचे सर्वांत सोयीचे तापमान. त्यानंतर मात्र ती हळूहळू उतरत नाही, कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. तळ्याच्या पाळीचा एक उतार लांब आणि दुसरा उभा असावा, तशी ही रेषा दिसते. सरड्याचे धावणे, माशाचे पोहणे, अळीचे खाणे, डासाची वाढ, सगळ्यांच्या रेषा साधारण अशाच आकाराच्या असतात. प्रत्येकाची उंची आणि जागा तेवढी वेगळी. रेषा चढते, कारण ऊब वाढली की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. आणि कोसळते, कारण फार उष्णतेने त्या क्रिया घडवणारी प्रथिनेच बिघडतात. अंडे उकळले की पांढरे घट्ट होते आणि पुन्हा पातळ होत नाही. तसेच काहीसे.

आता हिवताप किती पसरेल, हे एका रेषेवर ठरत नाही. डास किती जगतो, किती वेळा चावतो, त्याच्या अळ्या किती लवकर वाढतात, जंतू किती लवकर पिकतो, अशा अनेक रेषांचा गुणाकार करावा लागतो. एक जरी शून्य झाली तरी गुणाकार शून्य. समजा, ३३ अंशांना जंतू साडेसहा दिवसांत पिकतो, पण उष्णतेमुळे रोज १०० पैकी ८० च डास जगतात. शेवटी २३ उरतील. २५ अंशांना जंतूला १२ दिवस लागत होते, पण रोज ९० डास जगत होते, म्हणून २७ उरत होते. घाईचा जंतू असूनही ३३ अंशांना नुकसान! एरिन मॉर्डेकाय या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१३ साली सगळ्या रेषा एकत्र करून हिशोब मांडला. हिवताप पसरायला सर्वांत सोयीचे तापमान सुमारे २५ अंश निघाले. त्याआधीच्या हिशोबांत ते ३१ च्या आसपास धरले जात होते. सहा अंशांचा फरक! कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात जास्त काळजी घ्यायची, ते या सहा अंशांवर ठरते.

हाच विचार करून तुम्हाला आठवड्याच्या 'कोरड्या दिवसा'चे कारणही सांगता येईल. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून दर सात दिवसांनी टाकी, रांजण, कुंड्या, पाण्याचे कूलर रिकामे करून घासून कोरडे करायचे. अळी डास होण्याआधीच संपते. पंधरा दिवसांनी केले तर उपयोग नाही, कारण तोवर एक पिढी उडून गेलेली असते. सात हा आकडा कोणी मनात आला म्हणून ठरवलेला नाही. जिथे पाणी रिकामे करता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडतात. ते अळ्या खातात.

माशांचा विषय निघाला म्हणून थोडे आपल्या तलावांबद्दल. आपल्या भागातल्या माजी मालगुजारी तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. उन्हाळ्यात त्यांतले पाणी कमी होते आणि तापते. मासा शीतरक्ती. पाणी तापले की त्याच्या शरीरातले काम वाढते आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो. पण पाण्याची रीत उलटी आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात फक्त साडेसात मिलिग्रॅम. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. उन्हाळ्यात पहाटे रोहू, कटला पाण्याच्या वर तोंड काढून उघड-मिट करताना दिसतात. ते खेळत नसतात. त्यांचा जीव कासावीस झालेला असतो. तलावातला गाळ काढून खोली वाढवली तर तळाशी थंड पाणी राहते. गाळ काढण्याने शेतालाच पाणी मिळते असे नाही, माशालाही श्वास मिळतो.

पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे तुम्ही ऐकले असेल. तुम्हाला वाटेल, थंड देशांतल्या प्राण्यांना याचा त्रास होईल, आपल्याकडचे प्राणी तर उष्णतेला सरावलेले आहेत. वक्ररेषा आठवा. थंड देशातला कीटक रेषेच्या लांब उतारावर आहे. थोडी ऊब वाढली तर तो वरच चढेल. उष्ण देशातले पुष्कळ कीटक आधीच शिखराजवळ आहेत. त्यांच्यापुढे कडा आहे. २००८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या कीटकांच्या अशा रेषा तपासल्या आणि हेच अनुमान काढले. तापमान उष्ण प्रदेशात कमी वाढेल, पण तिथल्या कीटकांचे नुकसान जास्त होऊ शकेल. त्यांत डास आणि धानाचे खोडकिडेच नसतात. फुलांवर बसणाऱ्या मधमाश्या असतात आणि कोशाचे रेशीम देणाऱ्या जंगलातल्या अळ्याही असतात.

आता रातकिड्याकडे परत येऊ. साधी तापमापी, घड्याळ आणि आलेखाचा कागद घ्या. रोज रात्री ठराविक जागी बसा. एकाच जातीच्या रातकिड्याचा आवाज निवडा. एका मिनिटात किती किरकिरी झाल्या ते मोजा. खूप भरभर असतील तर १५ सेकंद मोजून ४ ने गुणा. त्या वेळचे तापमान लिहा. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत अशा पंधरा-वीस रात्री नोंदी करा. प्रत्येक रात्रीचा एक ठिपका आलेखावर द्या. सगळे ठिपके एका रेषेत येणार नाहीत. काही वर, काही खाली पडतील. पट्टी अशी ठेवा की, तिच्या वर आणि खाली साधारण सारखे ठिपके राहतील. मग रेषा काढा. हे तुमच्या गावच्या रातकिड्याचे सूत्र! थंडी वाढत जाईल तशी किरकिर संथ होईल आणि एका रात्री काहीच ऐकू येणार नाही. त्या रात्रीचे तापमान लाल शाईने लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. सरड्याला 'शीतरक्ती' म्हणतात. हे नाव फसवे का आहे, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. रात्री १० अंश आणि दिवसा २२ अंश तापमान आहे. फाल्सिपेरमचा जंतू पिकायला किती दिवस लागतील? आधी सरासरीने काढा, मग दिवस-रात्र वेगळे धरून काढा. दोन उत्तरांतला फरक वर्गात समजावून सांगा.
३. 'सूत्र म्हणजे प्राणी नव्हे.' हे वाक्य पाठात कोणत्या प्रसंगी आले आहे?
४. तुमच्या घरी पाणी साठवण्याच्या जागा मोजा. त्यांपैकी कोणत्या दर सात दिवसांनी कोरड्या करता येतात आणि कोणत्या येत नाहीत? न येणाऱ्या जागांसाठी काय करता येईल?
५. तापमान, समीकरण, आलेख, सरासरी या शब्दांसाठी तुमच्या गणिताच्या व विज्ञानाच्या पुस्तकांत कोणते उर्दू शब्द आहेत? ते शोधा आणि प्रत्येक मराठी शब्द वापरून एक वाक्य लिहा.